गारलंडचे कान

अस्वलाच्या शिकारीला नवखा माणूस आला की पहिला प्रश्न बंदुकीचा विचारतो. कुठली घेऊ, किती लांबून मारू. माझे बाबा त्याला उलट विचारायचे, "सकाळी कान धुतलेस का?" तो हसायचा. बाबा हसायचे नाहीत. आमच्या डोंगरात लॉरेलच्या झुडपांची जाळी इतकी दाट आहे की चार हातांवर बसलेलं अस्वल दिसत नाही. सगळ्यात दाट जाळीला आमच्याकडे नरक म्हणतात, आणि हे नाव चर्चच्या पाळकासमोर घ्यायलाही कुणाला लाज वाटत नाही. इथे कुत्रे पुढे जातात, माणूस मागे राहतो, आणि दोघांच्या मधे असतो फक्त आवाज. ज्याला कुत्र्याचा आवाज कळत नाही त्यानं घरी चुलीशी बसून सोंगट्या खेळाव्यात.

कुत्रा जुन्या वासावर असला की लांब हेल काढतो. अस्वल उठलं की हेल आखडतो, आवाजात घाई येते. अस्वल झाडावर चढलं की एकाच जागेवरून तुटक भुंकणं सुरू होतं, कुणी दारावर थापा मारत बसावं तसं, आणि ते थांबत नाही. बंदूक खांद्यावर टाकून, दम खात, गप्पा मारत जा, अस्वल तिथेच असतं. चौथा आवाज मात्र वाईट. तोही तुटकच, पण त्याची जागा सरकते, मधेच तुटतो, पुन्हा लागतो. म्हणजे अस्वल झाडावर चढलेलं नाही. ते पाठीला खडक घेऊन जमिनीवर उभं आहे आणि कुत्रा त्याच्या पंजाच्या टप्प्यात नाचतोय. जुनी, लठ्ठ अस्वलं असंच करतात. त्यांना माहीत असतं की झाडावर चढलेलं अस्वल मरतं. तो आवाज आला की जीव खाऊन पळायचं, बंदूक हातात, आणि वरच्या अंगानं उतरायचं. खालून कधीच चढायचं नाही, कारण अस्वल कोंडी फोडून सुटलं की उताराला येतं.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. गारलंड हे त्यांचं नाव, पण खोऱ्यात नुसतं "कान" म्हटलं तरी लोकांना कळायचं. एकदा बाबांच्या मित्राचा, हॉइटकाकांचा फोन आला असताना मागे त्यांच्या अंगणातला कुत्रा भुंकला, तर बाबा म्हणाले, "आधी त्याच्या घशाचं बघ, मग बोलू." दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या घशातून हाडाचा तुकडा निघाला. हॉइटकाका चर्चचे डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचे सेवक, त्यांनी ती गोष्ट रविवारच्या प्रार्थनेतसुद्धा सांगितली. माझ्या बाबांकडे जमीन नव्हती, लाकडाच्या गिरणीत सगळा जन्म गेला, शिक्षण बेताचं. पण डिसेंबरात डोंगराच्या खांद्यावर बारा माणसं गप्प उभी राहायची आणि बाबांच्या तोंडाकडे बघायची. त्यांनी डोळे मिटून "झाडावर" म्हटलं की माणसं हलायची. तेवढंच त्यांचं होतं.

गिरणीच्या करवतीनं आणि बंदुकीनं ते हळूहळू नेलं. आधी रातकिडे गेले, मग पाखरं. त्यांना पत्ताही नव्हता. मग बारीक, चिरक्या आवाजाचे कुत्रे गेले. खर्ज घशाचे तेवढे राहिले. मी कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "माझ्या कानांना काही झालेलं नाही. तुम्हा लोकांनाच पुटपुटायची खोड लागलीये."

हॉइटकाका आणि बाबा पाळण्यापासूनचे सोबती. हॉइटकाकांनी हे माझ्याही आधी ओळखलं होतं, आणि त्यांनी जे केलं त्याला मी आजही माफ केलेलं नाही. गारलंडला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं. तोवर कुत्र्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे आले होते. हॉइटकाकांचा जावई डाल्टन यंत्र हातात धरून असायचा, त्यावर कुठला कुत्रा कुठे आहे, धावतोय की झाडाशी उभा आहे, सगळं दिसायचं. डाल्टन ते बघून घ्यायचा, खिशात टाकायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "गारलंडकाका, काय म्हणतायत कुत्रे?" बाबा कानाशी हात धरून डोळे मिटायचे. हॉइटकाका सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "त्या डोंगराच्या धारेपलीकडे ना रे, गारलंड?" बाबा म्हणायचे, "धारेपलीकडेच. झाडावर आहे." सगळे माना डोलवायचे. कधी बाबा भलतंच बोलायचे, तरी माना डोलायच्याच. मग माणसं यंत्राप्रमाणे जायची आणि संध्याकाळी कॉफी पिताना सांगायची, तुम्ही म्हणालात तस्संच निघालं बघा.

एका बुधवारी चर्चच्या जेवणानंतर मी हॉइटकाकांना गाठलं. हातात मक्याच्या पावाचं रिकामं ताट होतं, ते फेकून मारावंसं वाटत होतं.

"काका, सांगा ना त्यांना आता. किती दिवस हे सोंग?"

"काय सांगू, डार्लीन? तुझं संपलं, घरी बस, असं सांगू?"

"ऐकू येत नाही एवढंच सांगा."

"ते एकच झालं की, पोरी." त्यांनी टोपी फिरवली. "झाकली मूठ आहे. कुणाचं काय बिघडतंय?"

"मग मी सांगते."

"सांग," म्हणाले. "तू लेक आहेस. तुझ्यानं होतंय का बघ."

मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बाबांनी माझ्यासमोर सेडीचं कौतुक सुरू केलं. सेडी म्हणजे त्यांची कुत्री. माझी आई गेली त्या हिवाळ्यातली. आईविना पिल्लू, बाबांनी शर्टात घालून वाढवलं. जुनाट वास उचलण्यात तिच्यासारखी कुत्री खोऱ्यात नव्हती. आवाज मात्र बारीक, धारदार. म्हणजे बाबांनी आपल्याच कुत्रीचा आवाज कित्येक महिने ऐकलेला नव्हता, आणि रोज सगळ्यांना सांगत होते, "सेडीचा आवाज ऐका, काय गोड लागतो." सेडीच्या गळ्यात पट्टा नव्हता. "माझी कुत्री काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?" असं म्हणून त्यांनी तो धुडकावला होता. चालून जात होतं, कारण सेडी नेहमी कळपातच असायची आणि बाकीच्यांच्या गळ्यात पट्टे होतेच.

त्या दिवशी पहाटे थोडं बर्फ पडून गेलं होतं. वाटेच्या कडेला माग स्पष्ट उमटला होता. बाबा पिकअपमधून उतरून गुडघ्यावर बसले. डोळे त्यांचे अजून गरुडाचे.

"दोन आहेत," म्हणाले. "एक पोरगं आहे, दोनेक वर्षांचं. आणि हा बघ म्हातारा. पंजा माझ्या तळहाताहून रुंद, पाय आत वळवून टाकतोय. पोटाला चरबी आहे. ओकच्या फळांवर महिनाभर चरलाय लेकाचा."

डाल्टन म्हणाला, "मग म्हाताऱ्यावरच सोडू या."

"सोड. पण आधी एकटी सेडी. तरणे कुत्रे म्हाताऱ्यावर टिकत नाहीत, सोपं दिसलं की पळतात. अगदी तुझ्यासारखे."

"माझ्या सासऱ्यांसमोर तरी नका हो बोलू, काका."

"त्यालाही माहितीय. पोरगी देताना मला विचारलं होतं."

सगळे हसले. बाबांनी सेडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं आणि तिला सोडलं. ती नाक खाली घालून जाळीत शिरली. मागून डाल्टनचे आणि हॉइटकाकांचे कुत्रे सोडले, आणि आम्ही चौघं धारेवर चढलो. बाकीची माणसं पलीकडच्या खिंडी अडवायला गेली होती.

धारेवर पोचलो तोवर बाबांनी सांगितलं तसंच घडलं होतं. तरणे कुत्रे पोरग्याच्या मागे लागून धार ओलांडून पलीकडे गेले होते. डाल्टनच्या जज नावाच्या मोठ्या कुत्र्याचा खर्ज तिकडून येत होता, एकाच जागेवरून, दारावर थापा. आणि अलीकडे, आमच्या पायांखालच्या नरकातून सेडीचा आवाज येत होता. एकटीचा. तुटक. जागा सरकत होती.

चौथा आवाज.

डाल्टननं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. बाबांनी कानाशी हात धरला होता, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर चर्चमध्ये असतं तसं समाधान.

"झाडावर," ते म्हणाले. "पलीकडे. सेडी सगळ्यांच्या पुढे. ऐका, ऐका तिला."

डाल्टन खाली उतरायला वळला. हॉइटकाकांनी त्याची बाही धरली. तो खाली गेला असता तर बाबांना कळलं असतं की सेडी खाली आहे. एवढ्यासाठी. मला हॉइटकाका हळूच म्हणाले, "आधी तिकडे जाऊन येऊ. मग डाल्टनला काहीतरी निमित्त करून पाठवतो. जुनी कुत्री आहे, सांभाळून असते."

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. बाबांच्या तोंडावरचं ते समाधान बघून माझी जीभ उचलली नाही, आणि हॉइटकाकांना शिव्या घालताना हे मी विसरत नाही.

आम्ही पलीकडे गेलो. पोरगं अस्वल एका ओकच्या बेचक्यात बसलं होतं, खाली कुत्र्यांचा गोंधळ. बाबांनी वर एकदा बघितलं आणि म्हणाले, "याला मारायचं नाही. अजून आईचं दूध ओठांवर आहे. बांधा कुत्रे." मारायचं असो नसो, आधी कुत्रे बांधायचे, हा त्यांचा नियम. अर्धमेलं अस्वल कुत्र्यांत पडलं तर उरतं काय? ते एकेकाच्या गळ्यात दोरी घालत पुढे गेले. जज झाला, त्याची बहीण झाली, हॉइटकाकांचे झाले. मग ते उठून उभे राहिले आणि झाडाभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक.

"सेडी?"

डाल्टन जजच्या दोरीची गाठ पुन्हा आवळायला लागला.

"इथेच होती. मी आत्ता ऐकली तिला."

हॉइटकाका म्हणाले, "येईल रे. अशीच गेली असेल कुठंतरी."

"सेडी अशीच कुठं जात नाही." बाबा तिथून निघाले ते तरातरा चढून परत धारेवर आले, आम्ही मागे. वर आल्यावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आम्ही गप्पच होतो. खालून सेडी भुंकत होती. मघापेक्षा खोल गेली होती आणि दमली होती, पण स्वच्छ ऐकू येत होती, एखाद्या बहिऱ्यालाही... म्हणजे तसं म्हणायची पद्धत आहे.

बाबांनी बराच वेळ ऐकलं. या अंगाला कान, त्या अंगाला कान. मग त्यांचा हात खाली आला.

"गप्प आहे," ते म्हणाले. "तिच्या अंगात जीव असताना ती मागावर कधी गप्प राहिली नाही. गेली ती."

आणि त्यांनी टोपी काढली. खाली सेडी भुंकत होती. हॉइटकाकांनी सवयीनं आपली टोपी काढली. मी बघत होते, डाल्टनचा हातही डोक्याकडे गेला. एक म्हातारा जिवंत कुत्रीला श्रद्धांजली वाहत होता आणि दोन धडधाकट माणसं तिचा आवाज ऐकत, टोप्या हातात घेऊन त्याच्या दुःखाला मान देत होती.

"बाबा," मी म्हणाले, त्यांच्यासमोर जाऊन, त्यांना माझे ओठ दिसतील अशी. "सेडी भुंकतेय. खाली नरकात. अस्वल जमिनीवर आहे. बाबा, ती मघापासून भुंकतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हॉइटकाकांकडे. हॉइटकाकांच्या हातात टोपी होती, ती त्यांना कुठे ठेवावी कळेना.

"तुला ऐकू येतंय?" बाबांनी त्यांना विचारलं.

हॉइटकाकांनी खाली बघितलं.

"डाल्टन, तुला?"

"हो काका."

"मघापासून?"

"हो."

बाबांनी आणखी काही विचारलं नाही. किती दिवसांपासून, कुणाकुणाला माहीत आहे, काही नाही. चौथ्या आवाजाचा त्यांनीच शिकवलेला धडा तेवढा त्यांनी पाळला, जीव खाऊन पळायचं. बंदूक घेऊन ते उताराला लागले, आणि चुकीच्या अंगाला लागले. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली आणि त्यांना वळवलं. चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

नरकात उभं राहून चालता येत नाही. अस्वलांनी पाडलेल्या बोगद्यांतून गुडघ्यांवर सरपटायचं, फांद्या तोंडावर येतात, बर्फ मानेत शिरतं. बाबा पुढे, मी त्यांच्या पायांशी, मागे ती दोघं. दर थोड्या वेळानं बाबा मान वळवून विचारायचे, "कुठं?" मी बोट दाखवायचे. सेडीचा आवाज जवळ येत होता. अस्वलाचं फुत्कारणं, जबड्यांचं कटकटणं ऐकू यायला लागलं. फांद्या मोडल्या. सेडी एकदा किंचाळली. मग पुन्हा भुंकली, आणि ते भुंकणं निराळं होतं. कुत्रा मालकाला बोलावतो ना, तसं. मग तेही थांबलं.

बाबा सरपटत होते. "कुठं, डार्लीन? अजून उजवीकडे?"

काही ऐकू येत नव्हतं. नुसतं बर्फ गळत होतं. मी उजवीकडे बोट दाखवलं.

"जवळ आलो का?"

मी मान हलवली. ते पुन्हा विचारायचे आणि मी पुन्हा बोट दाखवायचे, जिथून शेवटचा आवाज आला होता तिकडे. मागे हॉइटकाका रडत होते, ते मला ऐकू येत होतं. पुढे बाबा स्वतःशीच पुटपुटत होते, "आलो गं, आलो, टिकून राहा." त्यांच्या दृष्टीनं ती अजून भुंकतच होती.

एका खडकाखाली ती सापडली. अस्वल गेलं होतं. रक्ताचा माग होता तो सगळा तिचाच. बाबांनी हातमोजे काढून तिच्या पोटावर हात ठेवला, मग काखेत, जिथे ऊब जास्त राहते.

"गरम आहे," म्हणाले. आमच्याकडे वळले. आम्ही तिघं गुडघ्यांवर होतो, चेहऱ्यांवर ओरखडे, आणि तिघांचीही तोंडं त्यांना नीट दिसत होती. "आत्ताच गेली ना? आपण येईपर्यंत भुंकत होती ना?"

"हो बाबा," मी म्हणाले. "आत्तापर्यंत."

हॉइटकाकांनी मान डोलवली. डाल्टननंही डोलवली.

"मला बोलावत नव्हती ना?"

"नाही बाबा. झुंजत होती नुसती. बोलावलं नाही."

पुन्हा तिन्ही माना. आम्ही ते इतकं झटकन केलं, आम्हाला इतकी सवय झाली होती. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले, माझ्या, डाल्टनच्या, हॉइटकाकांच्या, पुन्हा माझ्या. त्यांच्या डोळ्यांत मला काय दिसलं ते सांगते. कान गेल्याचं दुःख नव्हतं ते. ते कदाचित त्यांनी सोसलं असतं.

"मग आता मी विचारू कुणाला?" ते म्हणाले.

त्यांनी कोट काढून सेडीला त्यात गुंडाळलं. डाल्टननं हात पुढे केला तर खांद्यानं बाजूला सारला. तिला छातीशी धरून, वाकून, फांद्या पाठीवर घेत ते चालायला लागले. वर जायची वाट डाव्या हाताला होती. ते उजवीकडे, आणखी खोलात निघाले.

"गारलंड," हॉइटकाकांनी हाक मारली. "गारलंड, वाट इकडे आहे."

बाबांनी मागे बघितलं नाही. ऐकू आलं नसेल. किंवा आलं असेल, आणि विश्वास बसला नसेल. मी पुढे होऊन त्यांना वळवायला हवं होतं, मघाशी वळवलं तसं. पण त्यांच्या बाहीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही, आणि आम्ही तिघंही त्यांच्यामागोमाग त्या चुकीच्या वाटेनं चालत राहिलो.